दोष वाचणाऱ्याचा नव्हे

अमेरिकेत नोकरीबरोबर मिळणाऱ्या दातांच्या विम्याबद्दल कुणी तक्रार केली, की विमा कंपन्या, मालकांचे एचआर विभाग आणि या योजना विकणारे दलाल साधारण एकच उत्तर देतात. योजना साधी आहे, हप्ता स्वस्त आहे, नियम पुस्तिकेत छापलेले आहेत. लोक ते वाचत नाहीत आणि बिल हातात पडल्यावर ओरडतात, असे ते उत्तर असते. वरवर पाहता ते पटण्यासारखे आहे, म्हणूनच त्याचा नीट समाचार घ्यायला हवा. माझे म्हणणे असे, की हा गोंधळ लोकांच्या आळसातून आलेला नाही आणि दंतवैद्यकाच्या किचकटपणातूनही नाही. मोठ्या खर्चाचा भार विमा कंपनीच्या आणि मालकाच्या अंगावरून काढून रुग्णाच्या अंगावर टाकणारे नियम गेल्या काही दशकांत एकावर एक चढत गेले. एकेकटा नियम किरकोळ वाटतो, म्हणून त्याला कुणी हरकत घेतली नाही. सगळे एकत्र आले, की आपल्याला किती पैसे भरावे लागतील हे रुग्णाला सांगता येत नाही, दंतवैद्याला सांगता येत नाही आणि विमा कंपनीही आधी सांगायला बांधील राहत नाही. ही स्थिती अटळ नाही. ती बदलण्याचे नमुने अमेरिकेच्याच कायद्यात आहेत.

आधी योजनेचा साचा पाहू. माहितीपत्रकावर ठळक छापलेले तीन आकडे म्हणजे १००, ८० आणि ५०. तपासणी, क्लीनिंग आणि एक्स-रे यांचा खर्च शंभर टक्के योजना उचलते. दात भरणे, काढणे अशा साध्या उपचारांचा ऐंशी टक्के. आणि कॅप, ब्रिज, कवळी अशा मोठ्या उपचारांचा पन्नास टक्के. त्याआधी वर्षाला साधारण पन्नास डॉलरची वजावट असते, म्हणजे तेवढी रक्कम रुग्णाने आधी स्वतः भरायची. शेवटी, बारीक अक्षरात, वार्षिक कमाल मर्यादा. बहुतेक योजनांत ती हजार ते दोन हजार डॉलरच्या दरम्यान असते. वर्षभरात योजनेने तेवढे पैसे दिले, की उरलेला सगळा खर्च रुग्णाचा. १९७० च्या दशकातही हजार डॉलरच्या आसपासची मर्यादा रूढ होती. त्या दशकाच्या सुरुवातीला हजार डॉलरमध्ये जे मिळे त्याला आज सात हजारांहून अधिक डॉलर मोजावे लागतात. दंतवैद्याचे भाडे, त्याच्या साहाय्यकांचे पगार, साहित्य आणि यंत्रे यांच्या किमती पन्नास वर्षांत वाढत राहिल्या. मर्यादा मात्र जवळपास जागच्या जागी राहिली. हप्ता न वाढवता लाभ कमी करण्याचा हा सर्वांत शांत मार्ग आहे. त्यासाठी कुणाला पत्र पाठवावे लागत नाही की कुठला नियम बदलावा लागत नाही.

या साच्यात एक साधे उदाहरण घालून पाहू. आकडे मी सोपे धरले आहेत, पण अमेरिकेतल्या दरांपासून ते दूर नाहीत. एका दाढेला रूट कॅनॉल लागले, त्याचे बाराशे डॉलर; दाढेचा गाभा पुन्हा बांधायचे तीनशे; वरच्या कॅपचे चौदाशे. एकूण दोन हजार नऊशे. योजनेची मर्यादा दीड हजार. त्या वर्षात दोन क्लीनिंग आणि एक्स-रे यांवर योजनेने चारशे डॉलर दिले आहेत, आणि पुष्कळ योजनांत हा ‘शंभर टक्के मोफत’ भागही मर्यादेतूनच वळता होतो. म्हणजे उरले अकराशे. आता समजा, एका योजनेत रूट कॅनॉल साध्या उपचारांत मोडते आणि ऐंशी टक्के मिळतात. दुसरीत ते मोठ्या उपचारांत मोडते आणि पन्नास टक्के मिळतात. नावनोंदणीच्या वेळी दोन्ही पत्रके शेजारी ठेवून तुलना करणारा माणूस पहिली योजना चांगली समजेल. गाभा आणि कॅप दोन्हीकडे पन्नास टक्क्यांत धरून आणि पन्नास डॉलरची वजावट वगळून हिशेब केला, तर पहिलीने एक हजार सातशे सत्तर डॉलर द्यायला हवेत आणि दुसरीने एक हजार चारशे पंचवीस. प्रत्यक्षात दोन्ही अकराशेच देतात, कारण मर्यादा तेवढ्यावरच थांबवते. रुग्ण दोन्हीकडे अठराशे भरतो. ज्या टक्केवारीवर योजना विकली गेली ती टक्केवारी गरजेच्या वेळी लागूच झाली नाही. ऐंशी आणि पन्नासच्या आश्वासनातून हातात पडले ते अडतीस टक्के. त्याच वर्षी दुसरी दाढ दुखायला लागली, तर शून्य.

यातून उपचारांचे वेळापत्रकही ठरते. डिसेंबरमध्ये रूट कॅनॉल करा आणि कॅप जानेवारीत बसवा, म्हणजे दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतील, असा सल्ला अमेरिकेतल्या दवाखान्यांत सर्रास दिला जातो. सल्ला देणारा रुग्णाच्या खिशाचाच विचार करत असतो. पण रूट कॅनॉल झालेली दाढ कॅपशिवाय राहिली, तर चावताना तिचा तुकडा पडू शकतो, आणि तडा खाली मुळापर्यंत गेला तर दाढच काढावी लागते. दाताला कधी काय हवे हे दाताच्या अवस्थेवरून ठरायला हवे. जी योजना ते कॅलेंडरच्या पानावरून ठरवायला लावते, ती आरोग्याच्या नावाने उभी राहू शकत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू: पुस्तिका वाचा, सगळे त्यात आहे. पुस्तिकेत काय असते ते पाहिले, की या उपदेशाचा फोलपणा कळतो. दाढेत दाताच्या रंगाचे फिलिंग केले, तर अनेक योजना चांदीच्या फिलिंगचा दर धरून पैसे देतात आणि फरक रुग्णाने भरायचा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासारख्या गटांत पारायुक्त चांदी शक्यतो टाळावी असे सुचवले. युरोपीय संघाने २०२५ पासून तिचा वापर काही अपवाद सोडून बंदच केला. अमेरिकेतले कितीतरी दंतवैद्य ती आता ठेवतही नाहीत. तरी दर ठरतो तो तिच्यावरून. हिरड्यांच्या आजारासाठी एकदा खोल सफाई झाली, की पुढच्या सफाईला वेगळा सांकेतिक क्रमांक लागतो: साध्या क्लीनिंगचा डी१११०, हिरड्यांच्या देखभालीचा डी४९१०. रुग्णाच्या दृष्टीने खुर्ची तीच, बाई त्याच, काम तेच. पण पहिले शंभर टक्क्यांत असते आणि दुसरे अनेक योजनांत वजावट लागून ऐंशी टक्क्यांत जाते. म्हणजे ज्याच्या हिरड्या आजारी आहेत, ज्याने न चुकता यायलाच हवे, त्यालाच दर वेळी पैसे भरायला लावले जाते. एका योजनेत क्लीनिंग ‘वर्षातून दोनदा’ असते, दुसरीत ‘सहा महिन्यांतून एकदा’. दुसऱ्या योजनेत सहा महिने पुरे व्हायला चार दिवस उरले असताना गेलात, तर सगळे बिल तुमचे. योजना सुरू होण्याआधी पडलेला दात असेल, तर त्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांटचा खर्च मिळत नाही, असे एक कलम असते. मोठ्या उपचारांसाठी काही योजनांत सहा महिने ते एक वर्ष थांबावे लागते. कॅपचा खर्च कुठे दाढ कोरली त्या तारखेला धरतात, तर कुठे कॅप बसवली त्या तारखेला. मधल्या दोन आठवड्यांत नोकरी बदलली, तर जुनी योजना म्हणते काम पुरे झाले नव्हते आणि नवी म्हणू शकते ते आधीच सुरू झाले होते.

हे सगळे वाचायचे कधी? शरद ऋतूत नावनोंदणीचे दोन-तीन आठवडे असतात. त्या काळात हातात पडते ते एकदोन पानांचे माहितीपत्रक. मर्यादा आणि अपवाद यांची खरी यादी असते योजनेच्या सविस्तर दस्तऐवजात, आणि तो बहुतेकांच्या हाती सदस्य झाल्यावर येतो. करसवलतीच्या नियमांमुळे एकदा केलेली निवड, लग्न, बाळंतपण, नोकरी जाणे असे काही घडल्याखेरीज, वर्षभर बदलता येत नाही. शिवाय वाचणाऱ्याला उपयोग व्हायचा, तर त्याला पुढच्या वर्षी कोणत्या दाताला काय होईल आणि दंतवैद्य त्यासाठी कोणता सांकेतिक क्रमांक लिहील, हे आधीच माहीत हवे. याहून मोठा पुरावा दवाखान्यात दिसतो. विम्याची पडताळणी करणे हेच ज्यांचे रोजचे काम आहे अशी माणसे अमेरिकेतल्या दंतवैद्यांना पगार देऊन ठेवावी लागतात. ती विमा कंपनीला फोन लावतात, संकेतस्थळ तपासतात, उपचारापूर्वीचा अंदाज लेखी मागवतात. आणि त्या लेखी अंदाजाच्या तळाशी छापलेले असते, की ही पैसे देण्याची हमी नाही. या कामात वर्षे घालवलेल्या माणसाला खात्रीने सांगता येत नाही, ते एखाद्या शिक्षिकेला किंवा गोदामातल्या कामगाराला पुस्तिका वाचून कळायला हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

घरात दोघे कमावते असले, तर गुंता दुप्पट होतो. दोघांच्याही पगारातून हप्ता कापला जातो, तेव्हा एकाच्या योजनेने न दिलेले दुसऱ्याची योजना देईल असे कुणालाही वाटेल. चौदाशेच्या कॅपवर पहिल्या योजनेने निम्मे, म्हणजे सातशे दिले. दुसरीही निम्मे देणारी आहे. नेहमीच्या समन्वयाच्या नियमाने ती उरलेले सातशे देते आणि रुग्णाला काही भरावे लागत नाही. पण तिच्या करारात दुहेरी लाभ नाकारणारे कलम असेल, तर ती म्हणते: मी एकटी असते तर सातशे दिले असते, ते तुला मिळालेले आहेत; माझे देणे शून्य. दोन हप्ते भरूनही एकाच योजनेचा लाभ. मुलांसाठी कोणाची योजना पहिली हे आईवडिलांपैकी वर्षात कुणाचा वाढदिवस आधी येतो त्यावरून ठरते. आणि ‘आम्ही तुमचा विमा घेतो’ असे दवाखान्याने सांगितले, तरी तो दवाखाना कंपनीच्या नेटवर्कात आहे असा त्याचा अर्थ होत नाही. क्लेमचा कागद भरून पाठवू, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. नेटवर्कबाहेरच्या दंतवैद्याचे बिल आणि कंपनीने ‘रूढ’ मानलेला दर यांतली तफावत मग रुग्णाच्या माथी येते, आणि तो दर कसा काढला हे त्याला सहसा सांगितले जात नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेतल्या आधी पैसे भरून मिळणाऱ्या दंतसेवेचा पाया १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर घातला गेला. गोदी कामगारांच्या युनियनने जहाज कंपन्यांशी बोलणी करून कामगारांच्या मुलांच्या दातांसाठी कल्याण निधीतून तरतूद मिळवली, आणि ती राबवण्यासाठी कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत दंतसेवा मंडळे उभी राहिली. तिथे खरेदीदाराच्या बाजूला बसलेली माणसे कामगारांची होती. आपल्याला काय हवे, हे ती बोलणीच्या टेबलावर मांडू शकत होती. पुढे हा लाभ देशभर पसरला, कारण मालकाने भरलेल्या आरोग्य हप्त्यावर कर्मचाऱ्याला कर द्यावा लागत नाही. पण पसरताना खरेदीचे सूत्र कर्मचाऱ्याच्या हातून सुटले. आता योजना निवडतो तो मालक, दलालाच्या मदतीने. आणि त्याला मुख्यत्वे हप्त्याचा आकडा दिसतो. क्लीनिंगची वारंवारिता, पडलेल्या दाताचे कलम, चांदीचा दर या गोष्टी त्याच्या तक्त्यात येत नाहीत. ज्या अटीमुळे हप्ता दोन डॉलरने कमी होतो ती अट विकणाऱ्याला फायद्याची, विकत घेणाऱ्याला फायद्याची. तिची किंमत चुकवणारा तिसरा माणूस त्या खोलीत नसतो.

कायद्यानेही त्याला बाहेरच ठेवले. नोकरीबरोबर मिळणाऱ्या लाभांबद्दलच्या १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे जे मालक स्वतःच्या पैशातून लाभ देतात त्यांच्या योजनांना राज्यांचे विमा कायदे लागू होत नाहीत. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन शेजाऱ्यांच्या खिशात एकाच विमा कंपनीचे कार्ड असते, पण एकाच्या मागे राज्याचा विमा आयुक्त उभा असतो आणि दुसऱ्याच्या मागे नसतो; कार्डावर तसे ठळक लिहिलेले असेलच असे नाही. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने वैद्यकीय विम्यात मोठी सुधारणा केली. आवश्यक उपचारांवरची वार्षिक मर्यादा रद्द झाली, हप्त्याचा किमान ८० किंवा ८५ टक्के भाग उपचारांवर खर्च करणे सक्तीचे झाले, प्रत्येक योजनेला ठरावीक नमुन्यातला सोप्या भाषेतला गोषवारा द्यावा लागला, आणि क्लेम नाकारला गेला तर बाहेरच्या तटस्थ परीक्षकाकडे जाण्याची वाट मिळाली. स्वतंत्र दंतविमा ‘वगळलेले लाभ’ या वर्गात मोडत असल्याने, प्रौढांच्या बाबतीत, यातले जवळजवळ काहीच त्याला लागू झाले नाही. म्हणजे साधेपणाची सक्ती जिथे झाली तिथे विमा कंपन्यांनी ती पाळली. जिथे झाली नाही तिथे गोंधळ तसाच राहिला. एवढ्यावरूनही गोंधळाचे मूळ दातांत नाही, हे दिसते.

आता बचावपक्षाचे बळकट मुद्दे घेऊ. पहिला असा, की वार्षिक मर्यादेपर्यंत पोचणारे लोक फार थोडे असतात, तेव्हा मर्यादा हा प्रश्नच नाही. पोचणारे थोडे आहेत हे मान्य. पण विमा असतोच मुळी त्या थोड्यांसाठी. घर जळणारेही थोडेच असतात. म्हणून आगीच्या विम्यात भरपाईवर क्षुल्लक मर्यादा घालणे कुणाला पटणार नाही. शिवाय न पोचणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक आहेत: ज्यांना गरज पडली नाही ते, आणि पन्नास टक्के भरणे परवडत नाही म्हणून ज्यांनी कॅप टाळून दाढ काढून घेतली ते. ही दुसरी माणसे कंपनीच्या आकडेवारीत समाधानी सदस्य म्हणून दिसतात. आणि बचावपक्षाचाच आणखी एक युक्तिवाद असतो, की मर्यादा काढली तर हप्ते भडकतील. फार थोडे लोक तिथवर जातात हे खरे असेल, तर मर्यादा वाढवण्याचा खर्च सगळ्यांत वाटल्यावर थोडाच असायला हवा. तो फार मोठा असेल, तर गरज असलेले लोक थोडे नाहीत. दोन्ही विधाने एकाच दमात करता येणार नाहीत. इम्प्लांटसारख्या महागड्या उपचारांची मागणी वाढेल ही भीती मात्र रास्त आहे, आणि तेवढ्यापुरती वेगळी मर्यादा ठेवायला माझी हरकत नाही. दाढ वाचवणारे रूट कॅनॉल आणि तिला टिकवणारी कॅप यांना त्या भीतीची शिक्षा देऊ नये.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे: दर उपचारामागे पैसे घेणारा दंतवैद्य अनावश्यक उपचार करण्याच्या मोहात पडू शकतो, आणि या अटी त्याला आवर घालतात. मोह खरा आहे. दंतवैद्यांच्या संघटना विमा कंपन्यांवर टीका करतात तेव्हा त्यांचाही स्वार्थ असतो, हे विसरू नये. पण म्हणून सगळ्या अटींना एकच माप लावता येत नाही. कॅपच्या क्लेमसोबत एक्स-रे मागणे, खोल सफाईपूर्वी हिरड्यांची खोली मोजून लिहायला लावणे, या अटी उपचाराची गरज तपासतात. त्या ठेवाव्यात, हव्या तर कडक कराव्यात. पण दात योजनेआधी पडला की नंतर, सहा महिन्यांना चार दिवस कमी होते की जास्त, नोकरी कोणत्या तारखेला बदलली, नवऱ्याच्या करारात कोणते कलम होते, यातली एकही अट गरज तपासत नाही. ती तारीख तपासते, नोकरी तपासते, कागद तपासते. प्रामाणिक दंतवैद्याचा प्रामाणिक रुग्ण तिच्यात तितकाच सापडतो, आणि लबाड दंतवैद्य क्रमांकांशी खेळून तिच्यातून निसटतो. अतिरेकी उपचारांवरचा उपाय म्हणून या अटींचे समर्थन करणे म्हणजे चांगल्या हेतूच्या आडोशाने खर्च टाळणे होय.

तिसरा मुद्दा: हप्ता इतका कमी आहे, की यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये, ज्याला अधिक हवे त्याने अधिक भरावे. हप्ता कमी आहे हे खरे. पण कर्मचाऱ्याला बाजारात जाऊन नोकरीच्या दराने दुसरी योजना घेता येत नाही. मालकाने ठेवलेल्या एकदोन योजनांतूनच निवडावे लागते. त्यावर मिळणारी करसवलत सार्वजनिक पैशातून येते, म्हणजे स्पष्टतेची मागणी करण्याचा हक्क समाजालाही आहे. आणि स्वस्त म्हणजे किती स्वस्त, हे कळण्यासाठी हप्त्यातला किती भाग उपचारांवर जातो ते उघड व्हायला हवे. मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला गेला: दंतविम्याच्या हप्त्याचा किमान ८३ टक्के भाग उपचारांवर खर्च व्हावा का? विमा कंपन्यांनी हप्ते वाढतील असा इशारा दिला. दंतवैद्यांच्या संघटनांनी बाजूने पैसा ओतला. सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी हो म्हटले आणि २०२४ च्या सुरुवातीपासून नियम लागू झाला. पुस्तिका न वाचल्याचा ठपका ज्यांच्यावर ठेवला जातो, त्या सामान्य माणसांना प्रश्न साध्या शब्दांत विचारला, तेव्हा त्यांनी निःसंदिग्ध उत्तर दिले. तरीही त्या नियमाचा हात मालकाने स्वतःच्या पैशातून चालवलेल्या योजनांपर्यंत पोचत नाही. म्हणून राज्यांनी एकेकट्याने करून भागणार नाही, केंद्रीय कायद्यातच बदल हवा.

तो बदल अशक्य नाही, याचा पुरावा मुलांच्या दातांत आहे. २०१० च्या कायद्याने मुलांची दंतसेवा आवश्यक लाभांत घातली. त्यामुळे सरकारी विमा बाजारपेठेत विकल्या जाणाऱ्या स्वतंत्र दंतयोजनांना मुलांच्या त्या सेवेवर वार्षिक मर्यादा घालता येत नाही. उलट मर्यादा आली ती कुटुंबाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेवर: नेटवर्कातल्या उपचारांसाठी २०१५ पासून एका मुलामागे ३५० डॉलर, दोन किंवा अधिक मुलांसाठी ७०० डॉलर, पुढे महागाईप्रमाणे त्यात थोडी वाढ झाली. दंतविमा विकणाऱ्या कंपन्या त्या नियमात बसून योजना विकतात. म्हणजे मर्यादेची दिशा फिरवता येते. विमा कंपनी जास्तीत जास्त किती देईल हे सांगण्याऐवजी रुग्ण जास्तीत जास्त किती भरेल हे सांगता येते, आणि तो एकच आकडा कुणालाही कळतो. प्रौढ झाला म्हणून माणसाचे दात बदलत नाहीत. बदलतो फक्त कायदा.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. प्रौढांच्या दंतयोजनांतही वार्षिक मर्यादेच्या जागी रुग्णाच्या खर्चावर मर्यादा यावी. त्यासाठी तपासणी-क्लीनिंगवर अल्प शुल्क लावावे लागले तरी चालेल, कारण शंभर-दीडशे डॉलर बहुतेकांना परवडतात, अठराशे परवडत नाहीत. दुसरे, उपचारापूर्वी लेखी दिलेला अंदाज, सदस्यत्व टिकून असेल आणि उपचार तोच असेल, तर साठ-नव्वद दिवस कंपनीवर बंधनकारक असावा. तिसरे, वैद्यकीय विम्याप्रमाणे एकाच नमुन्यातला गोषवारा नावनोंदणीच्या आधी मिळावा, आणि त्यात एका रूट कॅनॉल-कॅपचा पूर्ण हिशेब करून दाखवलेला असावा. चौथे, उपचाराची गरज न तपासणारी कलमे, म्हणजे पडलेल्या दाताचे, दुहेरी लाभ नाकारणारे आणि दिवस मोजणारे, गट योजनांतून काढून टाकावीत. यातली एकही मागणी दंतवैद्यकाला सोपे करायला सांगत नाही. कागद सोपे करा, एवढेच ती म्हणते.

हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत नोकरी करणारी मराठी कुटुंबे सुट्टीत पुण्याला किंवा ठाण्याला येतात, तेव्हा दाताची कामे इथे उरकून जातात हे सर्वज्ञात आहे. हातात विम्याचे कार्ड असलेला माणूस समुद्र ओलांडून स्वखर्चाने उपचार घेतो, याहून त्या विम्याविरुद्ध स्पष्ट मत असू शकत नाही. पण हा मार्ग प्रवासखर्च परवडणाऱ्यांचा आहे, आणि तीन आठवड्यांच्या सुट्टीत उरकलेल्या रूट कॅनॉलमध्ये पुढे काही बिघडले तर पाहणारा दंतवैद्य दुसऱ्या देशात राहतो. व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, तर देशात राहायला साधारण साठ दिवस मिळतात. त्या धावपळीत अर्धवट राहिलेल्या कॅपचे काय, याचा विचार करणारे कुणी नसते. भारतातल्या कंपन्यांच्या गट मेडिक्लेममध्ये अपघात सोडला तर दातांचे उपचार बहुधा वगळलेलेच असतात, पण बाह्यरुग्ण लाभ म्हणून ते देण्याकडे आता मोठ्या कंपन्या वळत आहेत. आपल्या विमा नियामकाने २०२४ पासून आरोग्य पॉलिसीसोबत सोप्या भाषेतले, नव्या नमुन्यातले ग्राहक माहितीपत्रक बंधनकारक केले आहे. दातांचे लाभ येतील तेव्हा तेही या शिस्तीत पहिल्या दिवसापासून आले पाहिजेत. अमेरिकेत पन्नास वर्षांत साचलेला गुंता सोडवणे कठीण जाते आहे. इथे तो बांधूच न देणे आपल्या हातात आहे.

ज्या वस्तूची किंमत वापरल्यावरच कळते, ती विकणाऱ्याने ग्राहकाला वाचनाचे धडे देऊ नयेत. दाढ दुखते तेव्हा माणसाला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: मला किती भरावे लागेल? या प्रश्नाला उपचाराआधी, लेखी आणि बांधील उत्तर देण्याची जबाबदारी विमा कंपनीची आणि ती योजना निवडणाऱ्या मालकाची आहे. ती कायद्याने त्यांच्यावर टाकेपर्यंत हा गोंधळ लोकांच्या अज्ञानाच्या खात्यावर मांडणे थांबले पाहिजे.